बायोडाटात फसलेलं पेरणी यंत्र लिहू का?

फिटर_परतूर: आयटीआय फिटर आहे. 3 वर्षं झाली, गावातच वेल्डिंगचं शॉप चालवायलो. ट्रॅक्टरचं चार फणी पेरणी यंत्र स्वतः बनवलं. हरभऱ्यावर फिरवून बघितलं, एक नंबर चाललं. जूनमध्ये मामाच्या 2 एकरांत सोयाबीन पेरलं आणि निम्मं उगवलंच नाही. उकरून बघतो तर बियाची डाळ झालेली! यंत्रातून एकेक बी खाली सोडणाऱ्या प्लेटच्या छिद्रांच्या कडा मी घासल्याच नव्हत्या. हरभऱ्यानं सोसलं, सोयाबीनचं साल पातळ, ते फुटलं. दुबार पेरणी करावी लागली.

आता वाळूजला अवजारांच्या कंपनीत मुलाखत आहे. घरचे म्हणायलेत, हे सांगूच नको. "अपयश ही यशाची पहिली पायरी" ग्रुपवर रोज येतं हो, पण माझ्या पायरीखाली मामाचं बियाणं होतं. काय करू?

राजू_लातूर: गप बस. कोण इचारायलंय?

डिझाइनवाला: सांग, आणि ती प्लेट पिशवीत टाकून घेऊन जा. मी मुलाखती घेतो. "मशीन बनवलं" म्हणणारे रोज येतात, माती उकरून बघणारा वर्षात एखादा भेटतो. 2019 ला चांद्रयान-2 चं लँडर आदळलं. पुढच्या खेपेला इस्रोनं काय काय बिघडू शकतं ते धरूनच रचना केली. पाय मजबूत केले, उतरायची जागा 500 बाय 500 मीटरवरून 4 बाय 2.4 किलोमीटर केली. तुला पण हेच विचारतील की नंतर काय बदललंस. कडा घासल्यास का?

सेलूचा_शेतकरी: घासून भागत नाही, बाबा. गोणपाटात 100 दाणे पिशवीतले ठेव आणि 100 यंत्रातून पडलेले. दोन्हीकडची उगवण मोज. फरक दिसला तर यंत्र बी खायलंय. हे घरी 5-6 दिवसांचं काम, पेरणीआधीच करायचं होतंस. आणि एकरी 30 किलोप्रमाणं मामाच्या 2 बॅगा गेल्या, त्या भरून दिल्यास का? ते आधी सांग, मग तुझी मुलाखत.

फिटर_परतूर: कडा घासल्या, काका. गोणपाटाचं मात्र सुचलं नव्हतं, आज रात्रीच लावतो. बॅगांचे पैसे मामा घेईनात. म्हणून दुसऱ्या पेरणीचं बी आणि डिझेल मी परस्पर टाकलं. मामा बोलतेत. मामी अजून चहा ठेवून आत निघून जाते.