युद्धामुळे विमान रद्द झाले, तर पैसे परत की व्हाउचर?

म्हापसेकर
2025 च्या 23 जूनला कतारने आपले हवाई क्षेत्र बंद केले आणि कुवेत, बहारीननेही काही तास तेच केले. दुसऱ्या दिवशी माझे आईबाबा गोव्यातल्या मोपा विमानतळावरून निघून, वाटेत विमान बदलून कुवेतला पोचायचे होते, कारण बहिणीचे बाळंतपण तोंडावर आले होते. डिंकाचे लाडू आणि आळीव भरलेली बॅग दारात उभी असताना उड्डाण रद्द झाल्याचा संदेश आला. त्याबद्दल कंपनीला कोणी बोल लावणार नाही, पण 61,500 रुपयांच्या जागी आमच्या हाती वर्षभराच्या मुदतीचे व्हाउचर पडले. बाळंतपण काही वर्षभर पुढे ढकलता येत नाही.

माझा मुद्दा एवढाच की नुकसानभरपाई वेगळी आणि परतावा वेगळा. युद्ध, दंगल, राजकीय अस्थिरता अशा असाधारण परिस्थितीत भरपाई देण्यापासून कंपन्यांना आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने सूट दिलेली आहे, आणि ती भरपाई मी मागतही नाही. मात्र न झालेल्या प्रवासाचे पैसे ठेवून घेण्याची मुभा त्या सुटीत नाही. 2016 च्या सुधारणेत तर रक्कम क्रेडिट शेलमध्ये, म्हणजे पुढच्या तिकिटासाठी कंपनीकडेच जमा ठेवायची की नाही हे प्रवाशाने ठरवायचे, असे स्वच्छ म्हटले आहे.

मडगावचा तिकीटवाला
म्हापसेकरबाब, नियम तुम्ही बरोबर सांगितला, पण त्याच नियमावलीत पुढे असेही आहे की परदेशी कंपनीने परतावा आपल्या मूळ देशाच्या नियमांप्रमाणे द्यावा. आखाताची निम्मी तिकिटे त्याच कंपन्यांची असतात. गिऱ्हाईक पैसे माझ्या टेबलावर मोजते, म्हणून ते माझ्या गल्ल्यात आहेत असे त्याला वाटते. वास्तविक ते बीएसपीच्या, म्हणजे एजंटांकडून तिकिटांचे पैसे विमान कंपन्यांकडे पोचवणाऱ्या व्यवस्थेच्या, हिशेबातून ठरल्या दिवशी कंपनीकडे गेलेले असतात, आणि कंपनीने सोडल्याशिवाय मी एक रुपयाही देऊ शकत नाही.

शिवाय सगळ्यांनी एकाच आठवड्यात रोख मागितली तर काय होते, याचाही विचार करा. गो फर्स्ट या कंपनीची विमाने 3 मे 2023 पासून थांबली, प्रवाशांचे पैसे दिवाळखोरीच्या प्रक्रियेत अडकले आणि जानेवारी 2025 मध्ये अवसायनाचा, म्हणजे कंपनी मोडीत काढून देणी भागवण्याचा आदेश निघाला. तिथे कारण युद्धाचे नव्हते, हे मान्य. पण बुडालेल्या कंपनीकडून मिळणाऱ्या कागदी हक्कापेक्षा चालत्या कंपनीचे व्हाउचर मला बरे वाटते. टाळेबंदीच्या वेळी सर्वोच्च न्यायालयानेही 1 ऑक्टोबर 2020 च्या निकालात क्रेडिट शेलची वाट मोकळी ठेवली होतीच.

वास्कोची वाचक
निकाल अर्धाच सांगितलात. त्या क्रेडिट शेलची रक्कम 30 जून 2020 पर्यंत दरमहा अर्धा टक्का आणि नंतर पाऊण टक्का वाढत होती, ते दुसऱ्याच्या नावे करता येत होते, आणि 31 मार्च 2021 पर्यंत वापरले नाही तर रोख देणे बंधनकारक होते. म्हापसेकरांच्या व्हाउचरला यातले काही आहे का? युरोपीय संघाच्या नियमात तर उड्डाण युद्धामुळे रद्द झाले तरी 7 दिवसांत परतावा द्यावा लागतो, आणि म्हणून तिथल्या कंपन्या बंद पडलेल्या नाहीत.

मला खटकते ते वेगळेच. मे 2025 मध्ये उत्तर आणि पश्चिम भारतातले 32 विमानतळ बंद होते, त्यांत अमृतसर होते, आमच्या वास्कोजवळचे दाबोळी नव्हते. आम्ही दाबोळी ते दिल्ली आणि दिल्ली ते अमृतसर अशी दोन स्वतंत्र तिकिटे काढली होती. दुसऱ्या तिकिटाचे सगळे पैसे आले. पहिले विमान वेळेवर उडाले, म्हणून त्या तिकिटाचे फक्त कर आणि विमानतळ शुल्क परत मिळाले. दिल्लीला उतरून आम्ही काय करणार होतो?

मडगावचा तिकीटवाला
त्यात कंपनीचा दोष कुठे? तिचे विमान उडाले, तुमची जागा रिकामी गेली. दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच आरक्षण क्रमांकावर असते तर प्रश्नच आला नसता, पण स्वतंत्र तिकिटे चारशे रुपयांनी स्वस्त पडतात म्हणून गिऱ्हाईक ऐकत नाही. आणि बातम्या पाहून भीतीने रद्द केलेल्या प्रत्येक तिकिटाचे पूर्ण पैसे द्यायचे ठरले, तर विना-परतावा स्वस्त दर कोण विकेल?

वास्कोची वाचक
भीती आणि बंद विमानतळ यांना एकाच तागडीत घालू नका. सरकारने अधिकृतपणे विमानतळ बंद केला असेल, तर त्याला जोडलेला प्रवास दाखवणाऱ्याला तरी सवलत मिळावी. प्रवास विम्याकडे जावे तर बहुतेक पॉलिसींत युद्ध वगळलेले असते.

मडगावचा तिकीटवाला
याला माझा विरोध नाही. मात्र ते नियमात लिहून घ्या, काउंटरवर बसलेल्याशी भांडून मिळणार नाही. म्हापसेकरबाब, एक विचारायचे राहिले. कंपनीच्या मेलमध्ये ‘स्वीकारा’ असे बटण होते, ते दाबले होते का? एकदा व्हाउचर स्वीकारले की नंतर परताव्याचा अर्ज आम्हाला पुढे सरकवताच येत नाही.

म्हापसेकर
बाबांनी दाबले होते. त्यांना वाटले, दुसऱ्या विमानात जागा पक्की होते आहे.