मदत हवी आहे: ऐकण्यासारखी व्याख्यानं सुचवा की

मंडळी, वडिलांना कोल्हापूरच्या दसरा चौकातल्या शाहू स्मारक भवनात व्याख्यानं ऐकायची भारी हौस. आता गुडघे साथ देत नाहीत, म्हणून टीव्हीवर यूट्यूब लावून देतो. शिवाजीराव भोसले झाले, नरहर कुरुंदकर झाले. कुरुंदकर १९८२ साली गेले, आवाज खरखरतो, तरी माणूस खुर्चीतनं हलत नाही! टेड टॉकची मर्यादा १८ मिनिटांची, त्यावर म्हणतात, "हे तर प्रास्ताविकातच संपलं."

इतिहास, खगोलशास्त्र, शेती, काहीही चालेल. पण मराठीत, सलग तास-दीड तासाचं. मागं ढॅणढॅण संगीत लावलेले तुकडे नकोत. जुन्या व्याख्यानमालांची चांगली चॅनेल कुठली? आणि एक संपलं की आपोआप भलतंच सुरू होतं, ते टीव्हीवर बंद कसं करायचं?