खेड्यातलं छोटं संग्रहालय बघायला जायचंय, मदत हवी आहे

पुढच्या महिन्यात आईला आणि दहा वर्षांच्या मुलीला घेऊन एका खेड्यातलं स्थानिक इतिहासाचं संग्रहालय बघायला जायचं ठरवलंय. दोनच खोल्या, आणि गावातलीच माणसं ते सांभाळतात. मागे अशाच एका ठिकाणी न कळवता गेलो तर दाराला कुलूप आणि किल्लीवाले शेतावर! त्यामुळे यावेळी आधी फोन करणारच आहे.

मला खरी ओढ आहे ती वस्तूंमागच्या गोष्टींची. नांगर, जातं, धान्याची मापं सगळीकडे दिसतात, पण हा नांगर कोणाच्या घरून आला, कधीपर्यंत चालत होता, हे पाटीवर क्वचितच लिहिलेलं असतं. स्वीडनमधल्या स्टॉकहोमच्या स्कान्सेन या उघड्यावरच्या संग्रहालयात १८९१पासून जुनी घरं मूळ जागेवरून आणून उभी केली आहेत आणि आत त्या काळातली कामं करून दाखवतात. छोट्या ठिकाणी तेच काम सांभाळणाऱ्याच्या बोलण्यातून होतं. ते बोलणं रेकॉर्ड करायची परवानगी कशी मागावी, म्हणजे त्यांना अवघडल्यासारखं होणार नाही?

शिवाय आजोबांच्या त्या गावातल्या हिशेबाच्या वह्या तिथे द्यायच्या मनात आहे. कागदाला ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) वर उजेड नको आणि कसर लागलेली वस्तू वेगळी ठेवायची, एवढं माहीत आहे. पण देताना लेखी काय करून घ्यावं? आधी स्कॅन करून ठेवावं ना? कोणी अशा वस्तू दिल्या असतील तर कृपया सविस्तर सांगा.