जलरंगातील समुद्रचित्रात नेमके काय पाहावे?

प्रश्न (कोपरी, ठाणे पूर्व)
ठाण्यात एका प्रदर्शनात जलरंगातील एक समुद्रचित्र पाहिले. लाटांचा फेस इतका उजळ होता की तो पांढऱ्या रंगाने काढला असावा असे वाटले, पण जवळून पाहिल्यावर तिथे रंगाचा थर कुठेच दिसेना. पाणीही निळे नव्हते. राखाडी, मातकट होते, आणि तरीही जिवंत वाटत होते. केवळ ‘आवडले’ म्हणून थांबायचे नसेल, तर अशा चित्रात काय पाहावे?

उत्तर (नेरूळ)
तो फेस म्हणजे बहुधा कोरा कागदच असावा. पारदर्शक जलरंगात सर्वांत उजळ जागा रंगवत नाहीत, राखून ठेवतात. त्यामुळे फेस कुठे येणार हे चित्रकाराला पहिला वॉश (पाणी घालून पातळ केलेल्या रंगाचा थर) देण्याआधीच ठरवावे लागते. म्हणून मी प्रथम कडा पाहतो. कड तुटक असेल, तर जवळजवळ कोरडा कुंचला खरखरीत कागदावरून झरकन फिरवलेला असतो: रंग उंचवट्यांना लागतो आणि खळग्यांत पांढरे कण उरतात. कड विरघळत गेली असेल, तर कागद ओला असतानाच रंग सोडलेला असतो. एकाच लाटेत या दोन्ही कडा सहज एकमेकींत मिसळलेल्या दिसल्या, तर तो हात खरोखर तयार आहे असे समजावे.

उत्तर (ऐरोली)
रंगाविषयी थोडे. आपल्या खाडीचे पाणी गाळामुळे असेच दिसते, आणि तो राखाडी रंग अल्ट्रामरीन (गडद निळा) व बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) यांच्या मिश्रणातून उत्तम साधतो. निळा वाढवला की पाणी थंड दिसते, सिएना वाढवला की मातकट. शिवाय अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत बसत असल्याने वॉश वाळल्यावर दाणेदार दिसतो. काळा मिसळून केलेल्या राखाडीत ही जान मला कधी आढळली नाही.

उत्तर (वाशी)
नेरूळच्या सदस्यांचे म्हणणे पटते, परंतु कोरा कागद राखणे हा एकच मार्ग नाही. इंग्रज चित्रकार टर्नर आणि अमेरिकन चित्रकार विन्स्लो होमर हे दोघेही वाळलेला रंग खरवडून खालचा कागद उघडा करीत, आणि टर्नरने अपारदर्शक रंगही मोकळेपणाने वापरला. असे करण्यात कमीपणा मानणे मला अन्यायाचे वाटते. फरक ओळखायचा असेल, तर चित्र बाजूने, तिरप्या उजेडात पाहावे: खरवडलेल्या जागी कागदाचे तंतू उठलेले दिसतात आणि अपारदर्शक पांढरा खडूसारखा निस्तेज दिसतो.