मदत हवी आहे: एकाच पीसीवर विंडोज १० आणि ११, एक अ‍ॅक्टिव्ह आणि दुसरं रुसलंय

शाईपेटी:
अप्पा बळवंत चौकाजवळ माझं डीटीपीचं छोटं काम आहे. २०१९चा ब्रँडेड पीसी, सोबत विंडोज १० होम आलेलं. ते काढता येत नाही, कारण पेजमेकर ७ (पानं मांडायचं जुनं सॉफ्टवेअर) आणि लॉक (पीसीला जोडायचं छोटं उपकरण) लावून चालणारं जुनं फॉन्टचं सॉफ्टवेअर त्याच्यावरच चालतं. गिऱ्हाइकं अजून २००८च्या पत्रिकांच्या फाइली घेऊन येतात!

बाकी कामाला म्हणून तापकीर गल्लीतल्या एका दुकानातून दुसरी एसएसडी बसवून त्यावर ११ प्रो टाकून घेतलं. 'लाइफटाइम आहे मॅडम' असं सांगून ८०० रुपये वेगळे घेतले. सहा महिने ठीक चाललं. आता उजव्या कोपऱ्यात अ‍ॅक्टिव्हेट करा म्हणून फिकट अक्षरं कायमची बसलीत. गिऱ्हाईक शेजारी बसून प्रूफ बघतं आणि आधी तेच वाचतं. १० मात्र ठणठणीत. मशीन एकच, मग असं का? आणि मुळात लायसन्स दोन लागतात का?

कट्टेकरी:
उबंटू टाका, लायसन्सची कटकटच नाही.

शाईपेटी:
त्यावर पेजमेकर आणि माझं लॉक चालवून दाखवा, चहा-क्रीमरोल माझ्याकडून.

खटपट्या:
ताई, दोन्हीकडे कमांड प्रॉम्प्टमध्ये 'एसएलएमजीआर', स्पेस, तिरकी रेघ, 'डीएलआय' असं इंग्रजीत टाइप करा. जी खिडकी उघडेल त्यात चॅनल, म्हणजे लायसन्सचा प्रकार, काय लिहिलंय ते सांगा.

शाईपेटी:
१० मध्ये ओईएम डीएम. ११ मध्ये व्हॉल्यूम केएमएस क्लायंट.

खटपट्या:
वाटलंच. ११ वरचं केएमएस ही मोठ्या कंपन्या-कॉलेजांसाठीची पद्धत. त्यात अ‍ॅक्टिव्हेशन १८० दिवसांचं असतं, आणि मशीन अधूनमधून संस्थेच्या सर्व्हरकडे जाऊन ते वाढवून आणतं. तुमच्या टेबलामागे असा सर्व्हर कुठला? तुमचं लाइफटाइम म्हणजे १८० दिवस. शिवाय हे करायला बऱ्याचदा क्रॅक (लायसन्स चुकवणारा प्रोग्रॅम) वापरतात आणि त्यासाठी अँटिव्हायरस बंद करतात, तेही तपासा. मी तर ती एसएसडी पुसूनच टाकली असती.

१० चं ओईएम म्हणजे पीसीबरोबर आलेलं लायसन्स. त्याची की (लायसन्सचा कोड) कंपनीनेच बायॉसमध्ये, म्हणजे मदरबोर्डवरच्या चिपमध्ये घातलेली आहे. ती होमची, त्यामुळे प्रोला उपयोग नाही. ११ होम टाकलंत तर ते बहुधा न विचारता अ‍ॅक्टिव्हेट होईल, कारण मायक्रोसॉफ्टचा सर्व्हर मदरबोर्ड आणि एडिशन (होम की प्रो) बघतो. पण चालतं म्हणजे परवानगी आहे असं नव्हे. एका लायसन्सवर एकच इन्स्टॉलेशन. दोन्ही ठेवायची तर दुसरं लायसन्स घ्या. व्हर्च्युअल मशीनमध्ये (पीसीच्या आत सॉफ्टवेअरने चालवलेल्या दुसऱ्या पीसीत) टाकलं तरी ते वेगळंच मोजतात. घेताना रिटेल (पीसीपासून वेगळं विकत मिळणारं) घ्या, पुढे पीसी बदलला तर नव्यावर नेता येतं. ओईएम त्याच मशीनबरोबर जातं. ११ वर प्रोची रिटेल की टाकली तरी १० च्या होमला धक्का लागत नाही.

आणि १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपलाय. पत्रिकांपुरतं ठेवा, नेटची वायर काढून.

शाईपेटी:
आभार. दुकानात जाऊन आले. 'परत मारून देतो, फक्त ३००' म्हणाला. पक्कं बिल मागितलं तर मालक जेवायला गेलेत. दुपारचे बारा वाजले होते. आता रिटेलच घेते, होमचं. प्रोचं मला तसंही काय करायचंय!