मदत हवी आहे: केऑस थिअरीत संगणकाच्या उत्तरावर विश्वास कितपत ठेवायचा?

नमस्कार मंडळी, बीएस्सीच्या मुलांना केऑस थिअरी (सुरुवातीच्या बारीक फरकाने पुढचं सगळं बदलतं अशा प्रणालींचं गणित) समजावताना एका ठिकाणी अडलो आहे.

हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झची १९६१ ची गोष्ट बहुतेकांना माहीत असेल. हवामानाच्या मॉडेलमध्ये ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ भरलं आणि काही काळाने अंदाज पार वेगळा आला. सुरुवातीचा बारीक फरक वाढत जातो, इथवर मुलांना पटतं.

मग मी स्प्रेडशीटमध्ये लॉजिस्टिक मॅप (आलेला आकडा पुन्हा त्याच सूत्रात घालत जायचा) करून दाखवला: नवा क्ष = ४ × क्ष × (१ − क्ष). शेजारच्या रकान्यात तेच सूत्र कंस सोडवून लिहिलं, ४क्ष − ४क्ष². सुरुवात दोन्हीकडे ०.३. बीजगणिताने दोन्ही एकच, तरी साधारण पन्नास पायऱ्यांनंतर आकड्यांचा एकमेकांशी काही संबंध उरत नाही! कारण कळतं: संगणक आकडे ठरावीक स्थळांपर्यंतच ठेवतो, त्यामुळे सोळाव्या दशांश स्थळाच्या आसपास होणारी चूक दर पायरीला सरासरी दुप्पट होते.

पण मग खरा क्रम, म्हणजे ०.३ पासून अचूक गणिताने येणारी आकड्यांची मालिका, कोणता? बहुधा दोन्ही नाहीत. तरीही हजारो पायऱ्यांचा आलेख काढला की दोन्ही रकान्यांत आकड्यांची गर्दी सारखीच, ० आणि १ जवळ जास्त, मध्ये विरळ. एकेक आकडा चुकीचा असताना वाटणी बरोबर कशी येते? मला हा भाग फार विलक्षण वाटतो, म्हणून मुलांना अर्धवट काही सांगायचं नाही.

संगणकाने काढलेल्या क्रमाच्या जवळून एखादा खरा क्रम जातोच, असं सिद्ध करता येतं का? कुणी पायरीपायरीने समजावेल का? पदवीपर्यंतचं गणित चालेल.