स्पायरोमेट्रीच्या मशीनमध्ये ‘एथ्निसिटी’चा रकाना: आपल्या कामगारांसाठी काय भरायचं?

घणसोलीची_सिस्टर

नमस्कार मंडळी,

तुर्भे एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या ओएचसीत (कारखान्यातल्या दवाखान्यात) मी नर्स आहे. सध्या वार्षिक मेडिकल चालू आहे. म्हणजे सकाळपासून दारात रांग आणि आत माझा एकच डायलॉग: “पूर्ण श्वास घ्या, ओठ घट्ट, फुंका, फुंका, अजून, अजून, सोडू नका!” घसा पार बसलाय. पण प्रश्न घशाचा नाही.

जुनं पीएफटीचं मशीन (स्पायरोमीटर, फुंकायला लावून फुफ्फुस तपासतात ते) गेलं, नवीन आलं. नव्याला वय, उंची, स्त्री की पुरुष एवढं सांगून भागत नाही. ‘एथ्निसिटी’ भरल्याशिवाय पुढचा स्क्रीन उघडतच नाही. पर्याय पाच: कॉकेशियन, आफ्रिकन अमेरिकन, ईशान्य आशियाई, आग्नेय आशियाई, इतर/मिश्र. भारतीय कुठेच नाही. मशीन बसवायला आलेल्या मुलाला विचारलं तर म्हणाला, “मॅडम, काहीही टाका, सगळे कॉकेशियनच टाकतात.”

काहीही टाकून कसं चालेल? पॅकिंगमधल्या एकाचं बघा. वय ३४, उंची १६४ सेंमी, बिडी-सिगरेट नाही. एफव्हीसी (पूर्ण श्वास घेऊन जोराने फुंकलेली एकूण हवा) आली ३.३५ लिटर, फुंकर चांगली, ग्राफ स्वच्छ. मग मी नुसता तो रकाना बदलत गेले. कॉकेशियन टाकलं तर अपेक्षित आकड्याच्या ७७ टक्के आणि खाली लाल अक्षरांत ‘रिस्ट्रिक्शनची शक्यता’, म्हणजे फुफ्फुसात हवाच कमी मावते असा संशय. इतर/मिश्र टाकलं तर ८३, नॉर्मल. आग्नेय आशियाई ८८. आफ्रिकन अमेरिकन ९०! माणूस तोच, समोर खुर्चीत बसून घाम पुसतोय, आणि त्याचं फुफ्फुस माझ्या माऊसवर आजारी पडतंय आणि बरं होतंय.

लाल अक्षरं आली की लेबर कॉन्ट्रॅक्टरचा माणूस येऊन विचारणार, “हा अनफिट आहे का?” कॉन्ट्रॅक्टवाला कामगार मग पुढच्या पाळीला गेटवर दिसत नाही. बरं, सढळ हाताने नॉर्मल लावावं, तर पुढे धूळ खाऊन फुफ्फुस खरंच उतरलं तरी तेच सढळ माप त्याला नॉर्मलच म्हणत राहणार. मग भरपाई कशाच्या जोरावर मागायची?

आणि भरायचं म्हटलं तरी कोणी ठरवायचं? आमच्याकडे घणसोली-कोपरखैरण्याचे आगरी आहेत, झारखंड-ओडिशाची मुलं आहेत, पारसिकच्या डोंगरावर दगडखाणी जोरात होत्या तेव्हा आलेल्या वडार कुटुंबांतल्या बायका आहेत, केरळचा फोरमन आहे आणि मणिपूरचा एक मुलगा आहे. डेमोच्या वेळी त्याला कोणीतरी ‘ईशान्य आशियाई’ टाकून ठेवलं होतं. ईशान्य भारतातला म्हणून!

इथे कोणी छातीचे डॉक्टर असतील तर कृपया नीट सांगा. “तुमच्या डॉक्टरांना विचारा” असं सांगू नका. आमचे डॉक्टर आठवड्यातून दोनदा येतात आणि सही करून जातात.

---

नेरूळकर

‘इतर’ टाका. आपण कायमचेच इतर. फॉर्म कुठलाही असो.

---

छातीठोक_ठाणे

सिस्टर, आयडीवरून कळलंच असेल, छातीचाच डॉक्टर आहे, ठाण्यात प्रॅक्टिस करतो. आधी कामाचं. सॉफ्टवेअरमध्ये ‘जीएलआय ग्लोबल’ (जीएलआय म्हणजे फुफ्फुसाचे अपेक्षित आकडे काढणारा आंतरराष्ट्रीय गट) हा पर्याय असेल तर तो निवडा आणि सगळ्यांना तोच लावा, आगऱ्याला, मणिपूरवाल्याला, तुमच्या डॉक्टरांनाही. नसेल तर ‘इतर/मिश्र’. कॉकेशियन अजिबात नको.

तुमच्या मशीनमध्ये आहेत ती २०१२ सालची जीएलआय समीकरणं. जगभरातल्या सुमारे ७४ हजार निरोगी, न ओढणाऱ्या माणसांच्या फुंकरी गोळा करून काढलेली. भारतातली आकडेवारीही त्यांच्याकडे आली होती, पण ती एकमेकांशी इतकी जुळेना की वेगळा गट न करता बाजूला ठेवली. म्हणून यादीत आपण नाही. त्यातलं ‘ईशान्य आशियाई’ म्हणजे कोरिया आणि उत्तर चीन, ‘आग्नेय’ म्हणजे थायलंड, तैवान आणि दक्षिण चीन. मणिपूरचा त्याच्याशी संबंध नाही. मुंबई, दिल्ली, चंदीगड इथल्या डॉक्टरांनी आपापल्या भागातल्या निरोगी लोकांवरून समीकरणं काढलेली आहेत, पण एकाचं दुसऱ्याला तंतोतंत लागू पडत नाही. बाकी ठिकाणी सर्रास काय चालायचं, तर गोऱ्या माणसाचा आकडा घ्यायचा आणि भारतीय म्हणून त्यातून दहा टक्के कापायचे.

ही कापाकापी कुठून आली ते ऐकण्यासारखं आहे. १८४६ मध्ये लंडनच्या जॉन हचिन्सनने स्पायरोमीटर लोकांपुढे आणला तेव्हा त्याने माणसं धंद्याप्रमाणे मांडली होती: खलाशी, पोलीस, आग विझवणारे, पहिलवान, खाऊनपिऊन सुखी साहेबलोक. पुढच्या काही वर्षांतच अमेरिकेच्या लुइझियानातल्या सॅम्युअल कार्टराइट नावाच्या डॉक्टरने काळ्या गुलामांचं फुफ्फुस गोऱ्यांपेक्षा वीस टक्क्यांनी कमी भरतं असं छापलं आणि त्यावरून गुलामी त्यांच्या तब्येतीला मानवते असा निष्कर्ष काढला. त्याचा निष्कर्ष गेला, वजावट मात्र राहिली. १९७८ च्या तिथल्या सूतगिरण्यांच्या धुळीच्या सरकारी नियमात काळ्या कामगारांसाठी ०.८५ ने गुणायचं असं लिहिलेलं होतं. तुम्ही भरपाईचं लिहिलंत म्हणून हेही सांगतो: १९९९ मध्ये बाल्टिमोरला ॲस्बेस्टॉसच्या खटल्यांत एका कंपनीने कोर्टात मागणी केली की काळ्या दावेदारांना आजारी ठरवायचं तर त्यांचे आकडे गोऱ्यांपेक्षा जास्त खाली गेलेले असले पाहिजेत. म्हणजे तुमची भीती काल्पनिक नाही. ती कोर्टात मांडून झालेली आहे.

२०२२ मध्ये त्याच जीएलआयवाल्यांनी सगळे गट सारख्या वजनाने एकत्र करून एकच समीकरण काढलं आणि २०२३ मध्ये अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने तेच वापरा म्हणून सांगितलं. त्याचे आकडे ‘इतर/मिश्र’च्या जवळपास येतात, म्हणून तुमच्याकडे ते नसलं तरी फार बिघडत नाही.

आणखी एक. दमा किंवा सीओपीडी (श्वासनलिका अरुंद होण्याचा जुनाट आजार) पकडायला आपण एफईव्ही१ (पहिल्या सेकंदात फुंकलेली हवा) आणि एफव्हीसीचं गुणोत्तर बघतो. ते या रकान्याने फारसं हलत नाही. हलते ती एफव्हीसी. त्यामुळे धुळीच्या खात्यातल्या माणसाला ‘रिस्ट्रिक्शन’ असं नुसतं मशीनने म्हटलं तर अनफिट लिहू नका. एक्स-रे, आणि शंका राहिली तर टीएलसी (फुफ्फुसात मावणारी एकूण हवा मोजायची वेगळी तपासणी). फुंकरीवरून रिस्ट्रिक्शन पक्कं ठरत नाही, फक्त संशय येतो.

---

एचपीएलसी_कल्याण

मी लॅबवाला, कल्याणला. आमच्याकडे उल्हासनगरचे पेशंट भरपूर, म्हणजे सिंधी समाज भरपूर. फाळणीनंतर कल्याण कॅम्पात आलेली कुटुंबं. बीटा थॅलेसेमियाचा ट्रेट (रक्ताच्या या आनुवंशिक आजाराचा एकच सदोष जनुक अंगात असणं) सिंधी, लोहाणा, कच्छी भानुशाली यांच्यात जास्त सापडतो. सिंध्यांत तर डीएनएतला ६१९ बेसचा (अक्षरांचा) तुकडा गळालेलं जे म्युटेशन (जनुकातला बदल) वारंवार दिसतं, ते बाकी महाराष्ट्रात क्वचित भेटतं. त्यामुळे समाज विचारणं आमच्या धंद्यात पाप नाही. पुढे डीएनए तपासणी करायची वेळ आली तर आधी कुठलं म्युटेशन बघायचं ते त्यावरून ठरतं, वेळ आणि पैसा वाचतो.

पण एक फरक लक्षात घ्या. फॉर्मवर ‘सिंधी’ लिहिल्याने आमच्या मशीनवरचा हिमोग्लोबिन ए२ चा (ट्रेट असेल तर वाढतो तो) आकडा बदलत नाही. ५.२ आला तर तो सिंध्याचाही ५.२ आणि कुणब्याचाही ५.२, दोघेही ट्रेट. सिस्टरच्या मशीनमध्ये समाज हा उत्तराच्या आत शिरलाय. ते मला पटत नाही.

उलटंही होतं. मुरबाडकडची एक गरोदर मुलगी, हिमोग्लोबिन नऊच्या आसपास, लोहाच्या गोळ्या खाऊन कंटाळलेली. “ही काही सिंधी नाही” म्हणून कोणी ए२ बघितलंच नव्हतं. बघितलं, ट्रेट निघाली. नवराही ट्रेट असता तर बाळालाच आजार व्हायची भीती. सुदैवाने नव्हता. तेव्हापासून एमसीव्ही (तांबड्या पेशीचा आकार) कमी आणि आरबीसी काउंट (तांबड्या पेशींची संख्या) चढा दिसला की आडनाव न बघता पुढची तपासणी सुचवतो.

---

घणसोलीची_सिस्टर

@एचपीएलसी दादा, “समाज उत्तराच्या आत शिरलाय” हेच मला नीट म्हणता येत नव्हतं.

@छातीठोक सर, आभार. ‘ग्लोबल’ सेटिंगमध्ये आत लपलेलं सापडलं, पासवर्ड मागतंय, त्या मुलाला फोन केलाय. पण एक शंका तशीच आहे. आमच्याकडची झारखंडची मुलं लहानपणापासून चुलीच्या धुरात वाढलेली, जन्माला आली तेव्हाच किडकिडीत. वडार बायकांनी तर खाणीवर पोरवयातच खडी फोडलेली. यांची फुफ्फुसं लहान असतील तर ते ‘एथ्निसिटी’ म्हणून की उपासमार आणि धूर म्हणून? आणि अशाच ‘निरोगी’ भारतीयांना फुंकायला लावून भारतीय नॉर्मल काढलं, तर गरिबीच नॉर्मल ठरली की.

---

छातीठोक_ठाणे

सिस्टर, नेमकं तिथेच घोडं अडलंय. कमी जन्मवजन, लहानपणचे न्यूमोनिया, घरातला धूर यांनी फुफ्फुस लहान राहतं. काही भाग शरीराच्या ठेवणीचाही असतो. उंची सारखी असली तरी कोणाचे पाय लांब, कोणाचं धड. फुफ्फुस धडात असतं आणि मशीन मात्र पूर्ण उंची विचारतं. बसल्या उंचीने हिशेब केला की गटागटांतला फरक कमी होतो, पूर्ण जात नाही. उरलेल्यात किती रक्ताचं आणि किती परिस्थितीचं, हे रकान्यातला एक शब्द वेगळं करून देऊ शकत नाही.

पुण्याच्या केईएमचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. याज्ञिक यांचं काम बघा. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि लंडनच्या डॉ. युडकिन यांचा शेजारी शेजारी फोटो आला. दोघांचा बीएमआय २२.३. चरबी युडकिनच्या अंगात ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२. फरक खरा आहे आणि मधुमेहासाठी महत्त्वाचा आहे. आपल्याकडे २३ च्या वर वजन जास्त धरतात ते अशाच कामांवरून. पण याज्ञिक तिथे थांबले नाहीत. पुण्याजवळच्या गावांतल्या आया गरोदरपणी काय खातात, बाळं किती वजनाची होतात, इथपर्यंत मागे गेले. ‘भारतीय म्हणून’ हे त्यांना उत्तर वाटलं नाही, तिथून त्यांचा प्रश्न सुरू झाला.

---

अभ्यासू_खारीगाव

मानववंशशास्त्र शिकवतो, म्हणून थोडं नाक खुपसतो. नाक म्हटलं तर रिस्ले आठवतो. १९०१ च्या जनगणनेचा हा आयुक्त, नाकाची रुंदी-लांबी मोजून जातीची उतरंड लावू पाहणारा. आपल्याकडे मोजमाप आणि जात यांचं नातं जुनं आहे.

पण त्याच मोजपट्टीने उलटं काम इरावती कर्व्यांनी केलं. बर्लिनला ऑयगेन फिशरच्या हाताखाली कवट्यांच्या विषमतेवर प्रबंध केला आणि गुरूला हवी होती तशी वंशाची श्रेष्ठता त्यात सापडली नाही असं लिहून मोकळ्या झाल्या. पुढे १९६८ मध्ये कैलाश मल्होत्रांबरोबर महाराष्ट्रातल्या ब्राह्मणांच्या आठ पोटजाती तपासल्या. एकाच पायरीवरच्या, एकच नाव लावणाऱ्या. तरी त्या शरीराने एकमेकींपासून वेगळ्या निघाल्या. ‘ब्राह्मण’ हा रकानासुद्धा फार ढोबळ निघाला, मग ‘भारतीय’ किंवा ‘आशियाई’चं काय घेऊन बसलात?

जनुकांतही तेच. शतकानुशतकं लग्न आतल्या आत झाल्याने आपल्याकडचे आजार ‘भारतीय’ नसतात, पोटजातीचे असतात. दक्षिणेतल्या वैश्य समाजात भुलीच्या वेळी देतात त्या सक्सिनिलकोलीनने काही जणांचा श्वास तासन्‌तास परत येत नाही, ते औषध मोडणारं एन्झाइम कमी असल्यामुळे. भूलतज्ज्ञाला ही माहिती सोन्यासारखी आहे. आणि आंतरराष्ट्रीय संशोधनात वर्षानुवर्षं ‘भारतीय’ नमुना म्हणून कोण होतं? अमेरिकेतल्या ह्यूस्टनला राहणारे गुजराती. तुमच्या झारखंडच्या मुलाची तुलना त्यांच्याशी!

---

नेरूळकर

म्हणजे पाच रकान्यांऐवजी पाच हजार करायचे? सिस्टरची रांग पनवेलपर्यंत जाईल.

---

छातीठोक_ठाणे

रकाने वाढवायची गरजच नाही. कारखान्यात तुमच्याकडे मला दवाखान्यात कधी मिळत नाही ती सोय आहे: तोच माणूस दर वर्षी येतो. त्याची तुलना त्याच्याशीच करा. सिस्टर, प्रत्येकाच्या कार्डावर टक्के नाही, लिटर लिहा. निरोगी मोठ्या माणसाचा एफईव्ही१ वर्षाला साधारण २५-३० मिली उतरतो. वयाची ती घट सोडून पहिल्या नोंदीपेक्षा १५ टक्क्यांच्या पुढे गेला तर मशीन नॉर्मल म्हणो की आणखी काही, त्याला धुळीतून काढून माझ्यासारख्या कोणाकडे पाठवा. भरपाईच्या वेळी असे ओळीने लिहिलेले लिटर त्याच्या कामी येतील. फक्त नवीन आणि जुन्या मशीनचे आकडे एकाच ओळीत धरू नका, कॅलिब्रेशन सिरिंजने (ठरावीक मापाची हवा सोडून मशीन तपासायच्या पिचकारीने) दोन्ही तपासलेली असतील तरच धरा.

---

घणसोलीची_सिस्टर

जुन्या मशीनचा कॉम्प्युटर भंगारात गेला, पण सगळ्या प्रिंट मी फायलींत ठेवल्या आहेत. वरचे हसायचे, “सिस्टर, रद्दी कधी विकताय?” आता बसून लिटर उतरवून काढते. सिरिंज नव्या मशीनबरोबर आली आहे, जुन्याची कोणी तपासली होती की नाही ते सर्व्हिसच्या वहीत बघावं लागेल. पॅकिंगवाल्याची २०१९ ची प्रिंट मिळाली: ३.४०. म्हणजे सध्या तरी त्याला धरून घाबरायचं कारण नाही ना सर?

---

छातीठोक_ठाणे

नाही. एवढा फरक दोन फुंकरींतही पडतो. पुढच्या वर्षी बघा. आणि उंची कोण मोजतं? सेफ्टी शूज काढूनच मोजता ना? तीन सेंमीची टाच राहिली तर अपेक्षित आकडा चार-पाच टक्क्यांनी वर जातो. तुमच्या त्या रकान्यात कॉकेशियनचं इतर/मिश्र केल्यावर जेवढा फरक पडला त्याच्या निम्म्याहून जास्त नुसत्या बुटात.

---

घणसोलीची_सिस्टर

उंची गेटवरचा सिक्युरिटी मोजून पाठवतो. बुटासकट. उद्यापासून माझ्या खोलीत, अनवाणी. खोलीला एक्झॉस्ट फॅन बसवून द्या म्हणून ॲडमिनला आत्ताच मेल टाकते.